श्रीपतचा शेवटचा शॉट

सिप्रियन हा वसईतला लग्नाचा शूटिंगवाला. हळदीपासून पाठवणीपर्यंत आणि चर्चच्या लग्नात केक कापेपर्यंत कॅमेरा धरायचा, हाच त्याचा धंदा. पण माणसाला आयुष्यात एकदा तरी अवदसा आठवतेच. त्याला ती बावीस वर्षांपूर्वी आठवली आणि त्याने चक्क सिनेमा काढला. नाव 'मढ्यांची वरात'.

गोष्ट अशी होती की खाडीकाठच्या मिठागरात पुरलेली माणसं कुजत नाहीत. मिठात बोंबील टिकतो, तर माणूस का टिकू नये, एवढाच त्या सिनेमाचा शास्त्राधार. ही खारवलेली मढी एक दिवस उठतात आणि माणसं खायला निघतात, पण वाटेत लागते लग्नाची वरात. पाय ओढत, झोकांड्या खात, डोळे तारवटून चालणारे लोक वरातीत कोणाला नवीन असतात? नवरीकडच्यांना वाटतं हे नवऱ्याकडचे, नवऱ्याकडच्यांना वाटतं हे नवरीकडचे. कोणी त्यांच्या हाताला धरून त्यांना पंगतीला बसवतं. जिलेबी बघितल्यावर मढ्यांचा माणसं खायचा विचार बारगळतो. पोटभर जेवून ती परत मिठागरात जातात आणि मिठात आडवी होतात. संपला सिनेमा.

विरारच्या एका थेटरात तो चार दिवस चालला, त्यातले दोन दिवस सिप्रियनच्या पाहुण्यांनी काढले. मग त्याच्या सीड्या निघाल्या, त्या काही दिवस रिक्षावाल्यांनी आरशाला लटकवल्या, आणि विषय मिटला.

तो मिटलेला विषय दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर उठून बसला. कोणीतरी त्यातला एक तुकडा टाकला. तोंडाला पांढरं फासलेलं एक मढं पंगतीत बसून एकामागून एक पुऱ्या हाणतंय आणि शेजारचा म्हातारा त्याला आपल्या जावयाची गाऱ्हाणी सांगतोय. मढ्याच्या तोंडावरची माशी हलत नाही. लोकांना ते इतकं आवडलं की सोमवारी सकाळी कामावर जायचा कंटाळा आला की माणसं एकमेकांना ते तोंड पाठवू लागली. ते तोंड नंदाखाल गावच्या श्रीपतचं होतं. ज्या लाखो लोकांनी ते पाठवलं, त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की हा माणूस खरोखरच मेलेला आहे.

तसं म्हटलं तर ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. बायजाला सांगितलं सगळ्यांनी होतं. दाखला आला होता, तेरावं झालं होतं, चार वर्षं उलटली होती. पण करोनाच्या त्या दुसऱ्या लाटेत श्रीपत आपल्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढला, "दोन दिवसांत येतो, वाडीला पानी सोड" म्हणाला आणि सहाव्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं झाला. घरी आणू दिलं नाही. मुलगा अल्पेश तेवढा स्मशानात गेला होता आणि तोही वीस पावलं लांब उभा होता.

"तोंड बघितलंस?" बायजाने त्याला दारातच विचारलं होतं.

"नाही गं आई. उघडत नाहीत."

"मग तोच होता कशावरनं?"

"नाव लिहिलेलं होतं वर."

नाव काय, कोणाच्याही अंगावर लिहिता येतं. त्या दिवसांत एकाचा देह दुसऱ्याला दिल्याच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जात होत्या, आणि बायजाने त्यातली प्रत्येक गोष्ट मन लावून ऐकली होती. तिने कुंकू पुसलं नाही. गळ्यातली काळी पोत काढली नाही. भिंतीवरच्या फोटोला हार घालायला अल्पेश खुर्चीवर चढला तर खालून खुर्ची धरून ती म्हणाली, "उतर." वाडीतल्या बायका तोंडावर काही बोलत नसत, पण ती आली की बोलता बोलता गप्प होत. बायजाला वेड लागलं नव्हतं. केळीचे घड मोजून घ्यायला, खताच्या गोणीचं वजन पकडायला ती आजही गावात सगळ्यांना भारी होती. फक्त ज्याचं तोंड आपण बघितलं नाही त्याला मेला म्हणायचं कसं, हे तिला कोणी समजावून सांगू शकलं नव्हतं. खरं तर कोणालाच ते सांगता आलं नसतं.

तर अशा घरी एका दुपारी सिप्रियन दुसऱ्या भागाचा कागद घेऊन आला.

त्याचे केस पिकले होते, गुडघे गेले होते, पण डोळ्यांत तीच जुनी अवदसा. ओटीवर टेकत म्हणाला, "वैनी, पार्ट टू काढतोय. अंधेरीचा प्रोड्युसर हाय, खरा. पन तो म्हनतो, ते पुऱ्या खानारं मढं असल तरच. नायतर नको."

"मग?" बायजा केळफूल सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"आता कॉम्प्युटरवर करता येतं. चालनार, बसनार पोरगा दुसरा. रॉकी म्हनून हाय, आमच्या गल्लीतला. त्याच्यावर श्रीपतचं तोंड लावायचं. हुबेहूब. फक्त घरच्यांची परवानगी लागते."

अल्पेशला कल्पना आवडली होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. ऑफिसात त्याच्या बापाचं तोंड रोज कोणी ना कोणी पाठवायचं आणि हा आपला बाप, हे तो कधी सांगायचा, कधी नाही. त्याने कागद हातात घेऊन वाचला आणि आईकडे सरकवला. "आई, इथे तुझी सही. 'दिवंगत कलाकाराच्या वारस' म्हणून. सोबत मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स, त्याच्यावर पण तुझी सही."

बायजाचा हात थांबला. चार वर्षं जे तोंडाने म्हटलं नव्हतं ते आता सही करून लिहून द्यायचं होतं. बँकेचं, घरपट्टीचं, सगळं अल्पेशने आपल्या सहीवर भागवलं होतं, तिच्यापुढे तो दाखला त्याने कधी आणलाच नव्हता. आज सिनेमाच्या नादात पोरगा ते विसरला आणि लक्षात आल्यावर त्याने जीभ चावली.

केळफुलाचा चीक लागलेली बोटं पदराला पुसत बायजा म्हणाली, "सिप्रू, जुन्या कॅसेटी हायेत?"

"हायेत. पोह्याच्या डब्यात. सगळ्या आता कॉम्प्युटरवर चढवल्या."

"सगळ्या म्हंजे, बोललेलं पन?"

सिप्रियनला काय ते कळलं. तो म्हणाला, "हाय. ते पन हाय."

हे बोललेलं काय होतं, ते सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याने घरी येऊन "मी सिनेमात मढं होनार" असं हौसेने सांगितलं तेव्हा बायजाने घर डोक्यावर घेतलं होतं. जित्या माणसाने मेल्याचं सोंग घेतलं तर यमाला पत्ता सापडतो, अशी तिची खात्री. शेवटी तिने एका अटीवर होकार दिला. प्रत्येक शॉट संपला की कॅमेरा चालू असतानाच मढ्याने उठायचं, आपलं नाव घ्यायचं आणि जिता असल्याचं सांगायचं. ज्या कॅमेऱ्याने मेलेला बघितला, त्यानेच जिता पण बघायला पाहिजे. सिप्रियन रोज चर्चला जाणारा, पण असल्या बाबतीत वसईचा माणूस कुठल्याही देवाला नाराज करत नाही. त्याने एकट्या श्रीपतलाच नाही, तर सगळ्या मढ्यांना हा नियम लावला. मिठागरात कट म्हणायच्या आधी दहा-बारा मढी उठून एकदम आपापली नावं ओरडायची आणि बघायला जमलेली पोरं हसून लोळायची. अर्थात सिनेमात यातलं काही आलं नाही. ते सगळं कापलं गेलं आणि कॅसेटींमध्ये राहिलं.

सिनेमात श्रीपतला एक शब्द नव्हता. गुरगुरतानाचा आवाजसुद्धा मागाहून सिप्रियननेच काढून घातला होता. मोबाईलवर जगभर फिरणाऱ्या त्या तोंडात श्रीपतचा आवाज कुठेच नव्हता.

"आधी ते दाखव," बायजा म्हणाली. "मग कागदाचं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्पेशने तिला स्कूटरवर बसवून वसईला आणलं. सिप्रियनचा स्टुडिओ म्हणजे बाजारातल्या एका जुन्या घराची पुढची खोली. पडदे ओढलेले, भिंतीवर नवरा-नवरींचे फोटो, टेबलावर मोठा स्क्रीन. बायजाने चपला बाहेर काढल्या. देवळात नव्हती आली, तरी काढल्या.

सिप्रियनने पहिला तुकडा लावला. मिठाच्या ढिगात एक पांढरं मढं पडलेलं. तांदळाच्या पिठाने तोंड रंगवलेलं आणि डोळ्यांभोवती केळीचा चीक, वाळून काळा पडलेला. हा चीक लावायची अक्कल श्रीपतचीच. तो दोन महिने तोंडावरून गेला नव्हता आणि आगाशीच्या बाजारात लोक त्याला दोन महिने मढं म्हणून हाक मारत होते. मढं हललं, कोपरावर उठलं, आणि दात दाखवून म्हणालं, "मी श्रीपत! जिता हाय! बघ गं!"

बायजा खुर्चीत मागे सरली. आवाज जसाच्या तसा होता, घशात थोडी सुपारी अडकल्यासारखा.

"अजून," ती म्हणाली.

दुसरा आला, तिसरा आला. एका शॉटमध्ये त्याच्या नाकात मीठ गेलं होतं आणि तो शिंकत शिंकत जिता होता. एकात पुरी तोंडात होती, त्यामुळे नावही नीट आलं नाही. एकात तो उठून म्हणाला, "मी श्रीपत, जिता हाय, पन लय भूक लागलीय," आणि बाजूने एका बाईचा आवाज आला, "आताच तर बारा खाल्ल्यास मेल्या!" तो बायजाचाच आवाज होता, चाळिशीतल्या बायजाचा. खुर्चीतली बासष्ट वर्षांची बायजा पदर तोंडाला लावून हसू लागली. अल्पेशही हसला. किती दिवसांनी ती दोघं एका गोष्टीला हसत होती, याचा त्याने मनात हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

असे एकतीस तुकडे झाले. एकतीस वेळा श्रीपत मेला आणि एकतीस वेळा उठून जिता झाला. बायजा आता पुढे सरकून बसली होती, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर. प्रत्येक वेळी तो पडला की तिचा श्वास अडकायचा आणि उठला की सुटायचा.

मग शेवटची कॅसेट. मढी जेवून मिठागरात परतली होती. उन्हं कलती, मीठ तांबूस झालेलं. श्रीपत सगळ्यांच्या मागून आला, पोटावरून हात फिरवला, मिठात आडवा झाला. कॅमेरा जवळ गेला. स्क्रीनभर त्याचं तोंड. त्याने हळूच डोळे मिटले. तोंडावरचं सगळं सैल झालं. दहा-पंधरा सेकंद तसंच, आणि मग एकदम काळा पडदा.

बायजा वाट बघत राहिली.

"पुढं?"

सिप्रियनने माउसवरचा हात काढून घेतला.

"सिप्रू, पुढं लाव. उठू दे त्याला."

"नाय वैनी," सिप्रियन म्हणाला. "पुढं नाय. उजेड गेला होता, बॅटरी पन चालली होती. मी कट म्हटलं आनि बंद केला. तो उठला, म्हनाला, सिप्रू, बोलायचं रायलं. मी म्हटलं, उद्या बोल. उद्या कुठलं शूटिंग? संपलंच होतं सगळं."

बायजाला तो दिवस आठवला. शूटिंगच्या सगळ्या दिवसांत ती एकदाच गेली नव्हती, कारण अल्पेशला ताप होता. संध्याकाळी पिठाच्या तोंडानेच श्रीपत घरी आला. ती पोराच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. तिने न बघताच विचारलं होतं, बोललास ना? आणि तो म्हणाला होता, बोललो.

"मला म्हनाला, बोललो," ती म्हणाली. तिला राग आला, आणि ज्याच्यावर यायचा तो समोर नसल्यामुळे तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना. "खोटारडा."

"तुला घोर नको म्हनून," सिप्रियन म्हणाला. मग त्याला आवरेना. श्रीपत गेल्याचं कळल्यापासून हे एकच त्याच्या डोक्यात होतं. सगळी मढी उठवली आणि नेमकं तेच एक पडलेलं ठेवलं. त्याने चर्चमध्ये श्रीपतच्या नावाने मिस्साची प्रार्थना दिली होती. कन्फेशनमध्ये हे सांगितलं, तर फादरना हसू आवरलं नाही. फादर हसले म्हणून त्याची उडालेली झोप परत आली असं काही झालं नाही.

"म्हनून तर पार्ट टू," तो म्हणाला. "प्रोड्युसरला कॉमेडी पायजे, ती देतोच मी. पन शेवटला शॉट मी ह्याच्यासाठीच ठेवलाय. मी थोडं करून बघितलंय. बघ."

त्याने दुसरी फाईल उघडली. तेच मिठागर, तीच कलती उन्हं, तेच मिटलेले डोळे. पण या वेळी पडदा काळा झाला नाही. डोळे उघडले. श्रीपत कोपरावर उठला. पिठाखालून सुरकुती हलली, दात दिसले, आणि त्याच सुपारीच्या आवाजात, अगदी स्वच्छ, तो म्हणाला, "मी श्रीपत. जिता हाय."

अल्पेशच्या तोंडून "बाबा" असा शब्द निघून गेला.

चार वर्षं बायजा या एका वाक्याची वाट बघत होती. फाटक वाजलं की, अनोळखी नंबरचा फोन आला की, दुपारी वाडीत कोणी खाकरलं की. आता ते ऐकायला मिळालं होतं आणि ती भुवया आवळून बघत राहिली.

"परत," ती म्हणाली.

सिप्रियनने परत लावलं. तिने परत लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी ती स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला.

"कोनाकडं बघतोय हा?" तिने विचारलं.

"कोनाकडं म्हंजे? कॅमेऱ्यात."

"तो कॅमेऱ्यात बघायचा नाय." बायजाने बोट केलं, स्क्रीनच्या डाव्या कडेच्याही बाहेर, रिकाम्या भिंतीकडे. "मी इथं उभी असायची. तुझ्या या बाजूला. एकतीस वेळा त्यानं इथं बघितलं. तू लावून बघ."

लावून बघायची गरज नव्हती. सिप्रियनला एकदम ते सगळे तुकडे डोळ्यांपुढे आले. प्रत्येक वेळी उठल्या उठल्या श्रीपतची मान डावीकडे वळली होती. एवढी वर्षं लग्नं शूट केली, कोण कोणाकडे बघतं यावरच पोट भरलं, आणि हे आपल्याला दिसू नये, याची त्याला लाज वाटली.

"करता येईल वैनी," तो घाईने म्हणाला. "मान वळवता येते. मी सांगतो कॉम्प्युटरवाल्या पोराला, दोन दिवसांत..."

"नको," बायजा म्हणाली. "वळवशील तू. मला ठाव हाय, तू वळवशील. पन मग मी तुझं वळवलेलं बघीन." ती खुर्चीत बसली. तिचा आवाज चढला नाही. "हे जितं तेवढं पुसून टाक. बाकी काय करायचं ते कर. वरातीत नाचव, पुऱ्या खायला घाल, लोकांना हसू दे. त्याला आवडायचं लोक हसलेले. पन उठवू नको. तो मेलाय, सिप्रियन."

ते वाक्य तिने पहिल्यांदा म्हटलं होतं आणि म्हटल्यावर तिच्या तिलाच ते अनोळखी वाटलं. अल्पेशला वाटलं आता ती रडेल. तिने पदर सारखा केला.

"ते जुनं लाव," ती म्हणाली. "तू बंद केलंस ते."

सिप्रियनने शेवटची कॅसेट पुन्हा लावली. श्रीपत चालत आला, पोटावरून हात फिरवला, मिठात आडवा झाला. तोंड जवळ आलं. डोळे मिटले.

"थांबव."

चित्र थांबलं. पांढरं तोंड, ओठ किंचित उघडे, दाढीच्या खुंटांत मिठाचे चार खडे. जेवून झोपलेल्या माणसाचं तोंड. ते चव्वेचाळीस वर्षांचं होतं, ॲम्ब्युलन्समध्ये चढलेलं बासष्ट वर्षांचं नव्हतं, समोरचा दात अजून शाबूत होता. बायजाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण मिळालं होतं ते एवढंच होतं आणि तिने ते घेतलं.

ती उठून उभी राहिली. अल्पेश तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिने हात पुढे केला, काचेला न लावता कपाळावरून, गालावरून, हनुवटीपर्यंत खाली आणला. मग दोन्ही हात जोडले. अल्पेशनेही जोडले आणि त्याचे खांदे हलू लागले. स्मशानात वीस पावलं लांब उभं राहून जे रडू आलं नव्हतं ते आता आलं. तिने त्याच्याकडे वळून बघितलं नाही, फक्त त्याचा दंड घट्ट धरून ठेवला. बाहेर बाजारात एक मासेवाली गिऱ्हाईकाशी मोठमोठ्याने भांडत होती. किती वेळ गेला ते कोणी बघितलं नाही.

"झाक आता," बायजा म्हणाली.

असं कधी म्हणतात ते सिप्रियनला माहीत होतं. त्याने उठून स्क्रीन बंद केला आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली.

"अल्पेश, तो कागद आन," ती म्हणाली. "दाखला पन. कुठं सही करायची ते दाखव मला."